एकशे दहा डॉलरचा बागुलबुवा

साऊथ डकोटा राज्यातल्या होव्हलँड गावात आज जी माणसं तिशी-चाळिशीत आहेत, ती सगळी आर्डिस टॉलेफसनच्या हातचं खाऊन मोठी झाली. एकतीस वर्षं तिने शाळेचा स्वयंपाक केला. कुणाला वाटाणे आवडत नाहीत, कुणाच्या घरी रात्रीच्या जेवणाची मारामार आहे, हे ताट पुढे आलं की तिला कळायचं आणि डाव आपोआप जड व्हायचा. मुलं तिला मिसेस टी म्हणायची. त्यातल्या काहींना आता टक्कल पडलं, तरी ती मिसेस टीच म्हणतात.

स्वतः आर्डिस आठवीपर्यंत शिकली. वडिलांची पाठ गेली, गोठ्यात बावीस गाई, मग शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळे त्रेसष्टाव्या वर्षी जेव्हा तिने सांगितलं, की लोकांची करपत्रकं फुकट भरून देणाऱ्यांची एक परीक्षा असते आणि ती मी देणार, तेव्हा गाव पोट धरून हसलं. पहिल्या वर्षी ती नापास झाली. दुसऱ्या वर्षी पास झाली. तेव्हापासून दर जानेवारीत ती पुन्हा बसते, कारण कराचे नियम दरवर्षी हलतात आणि परीक्षाही दरवर्षी द्यावी लागते. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, मंगळवार-गुरुवार, चर्चच्या तळघरात तिचं टेबल लागतं. नवरा ऑर्लिन कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी उभा राहतो. येणाऱ्याला कपात पातळ कॉफी आणि हातात नंबराची चिठ्ठी देणं, एवढंच त्याचं काम. ते तो मंत्र्याच्या थाटात करतो.

मार्चमधला एक गुरुवार होता. बाहेर बर्फाचा चिखल झालेला. अडीचला कारखान्याची पाळी सुटली आणि ब्रेना स्कार जिना उतरून आली. वय एकोणतीस, खिडक्या बनवायच्या कारखान्यात कामाला, घरी सहा वर्षांची लेक, नवरा केव्हाच निघून गेलेला. तिच्या मागोमाग तिचा बाप ड्वेन उतरला, डोक्यावर बियाण्याच्या दुकानाची टोपी.

"ड्वेन, तुझा नंबर मंगळवारी झाला," आर्डिस म्हणाली.

"मी सोबत आलोय."

"एकोणतीस वर्षांच्या मुलीला सोबत लागते?" मग ती ब्रेनाकडे वळली. "बाई गं, तुझ्या पगाराचा कागद बापासमोर उघडू का? तू नको म्हणालीस तर याला वर पाठवते. चर्चमधल्या खुर्च्या पुसायच्या राहिल्यात."

"असू दे मिसेस टी," ब्रेना म्हणाली. "त्यांच्यामुळेच तर आलेय."

मग तिने सांगितलं. कारखान्यात तिला तिच्या लाइनची मुख्य व्हायला सांगितलं होतं. आज चारच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं, नाहीतर उद्या सकाळी बाहेर जाहिरात लागणार होती. पगार वर्षाला साडेचौतीस हजारांवरून बेचाळीस हजार.

"मग इथे काय करतेस? फोन कर!"

"बाबा म्हणतात, घेऊ नकोस."

ड्वेनने टोपी मागे सारली. "कराच्या दहा टक्क्यांच्या टप्प्यातून बारा टक्क्यांच्या टप्प्यात जाणार ती. सगळा पगार बाराने कापणार. वर वसंतात सरकारकडून जो चेक येतो तोही गेला. गेल्या वर्षी त्या चेकवर तिने गाडीचा गिअरबॉक्स बसवला. यंदा कशावर बसवायचा, माझ्या डोक्यावर?"

"तुझ्या डोक्याला गिअर असते तर बरं झालं असतं," आर्डिस म्हणाली. "सगळा पगार कापतात, हे कुणी सांगितलं?"

"रोज सकाळी गावात आमचं कॉफीचं टेबल बसतं, तिथे सगळ्यांना माहीत आहे. आणि आर्डिस, तू कशाला विचारतेस? तुझ्याच ऑर्लिनने लोण्याच्या कारखान्यातली मुकादमी याच कारणासाठी नाकारली होती. माझ्या बापाने सांगितलंय मला!"

तळघरात आणखी दोन टेबलं होती. तिथली टाइप करणारी बोटं थांबली. कॉफीच्या भांड्यापाशी ऑर्लिनने कप खाली ठेवला.

आर्डिसने चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोटं बोलायची सोय नव्हती, ऐकणारा साक्षीदार दहा पावलांवर उभा होता.

"नाकारली," ती म्हणाली. "एकोणऐंशी साली. आणि ती ऑर्लिनने नाही, मी नाकारायला लावली. लग्नाला सात वर्षं झाली होती, पैशाचं मीच बघायची. कुणाकडून तरी ऐकलं, की पायरी चढली की सगळ्याच पगारावर वरचा दर लागतो. वहीत मांडलं, रडले, आणि याला म्हटलं, नको म्हणून सांगून ये. हा गेला आणि सांगून आला. पुढे अकरा वर्षं दुधाचा ट्रक चालवला यानं, उणे वीस अंशांच्या थंडीत."

"मग चूक होतं ते?" ब्रेनाने विचारलं.

"साफ चूक. आणि मला ते कळलं कधी? त्रेसष्टाव्या वर्षी, परीक्षेच्या पुस्तकात, दुसऱ्या धड्यात. त्या वर्षी मी नापास झाले ती काय उगाच? तो धडा वाचला आणि पुढचं काही डोक्यात शिरेचना."

तिने उठून चर्चच्या स्वयंपाकघरातून कोरड्या मॅकरोनीचा डबा आणला, एक झाकणाचा वाडगा, पावाचे दोन साचे आणि एक चमचा. एक छोटा साचा, एक मोठा. टेबलावरचे कागद तिने कोपराने बाजूला केले.

"चमचा म्हणजे हजार डॉलर. नवीन पगाराचे बेचाळीस चमचे. मोज ड्वेन, तुझे हात रिकामे आहेत."

ड्वेन पुटपुटत वाडग्यात चमचे मोजून टाकू लागला. एकवीस चमचे झाल्यावर आर्डिसने वाडग्यावर झाकण घातलं.

"हा वाडगा सरकार उघडतच नाही. ही वजावट. एकटीने मूल सांभाळून घर चालवणाऱ्या बाईला ती मोठी मिळते. वजन करायच्या आधीच एवढं बाजूला काढून ठेवायचं. आता छोट्या साच्यात ओत."

छोटा साचा साडेपंधरा चमच्यांना काठोकाठ भरला.

"यातल्या दर दहा चमच्यांमागे एक सरकारचा. बारा टक्के कुठे दिसतात का?"

"नाही," ब्रेना म्हणाली.

"आता उरलेलं."

उरले होते साडेपाच चमचे. ते मोठ्या साच्यात पडले आणि तळही धड झाकला नाही.

"बारा टक्के लागतात ते एवढ्यालाच. छोट्या साच्यातलं आहे तिथंच, दहानेच. मोठ्या साच्यात गेलं म्हणून छोट्यातलं कुणी उचलून इकडे ओतत नाही. हे ओततात असं मी समजत होते, आणि होव्हलँडमधलं अख्खं कॉफीचं टेबल अजून समजतं."

ड्वेनने मोठा साचा हलवून बघितला. "मग त्या पायरीचं जास्त किती पडलं?"

"साडेपाच हजारांवर दोन टक्के जास्त. एकशे दहा डॉलर. वर्षाला."

"एकशे दहा?"

"एकशे दहा. तुझ्या त्या टेबलावर वर्षाला याहून जास्त पैशांचा केक खातोस तू."

ब्रेना हसली. तिची बोटं फोनवर होती आणि घड्याळात सव्वातीन वाजले होते. "आणि चेकचं?"

इथे आर्डिसने घाई केली नाही. ब्रेनाचं यंदाचं पत्रक तिने सावकाश भरलं आणि मग त्याच आकड्यांवर, बेचाळीस हजार धरून, दुसरं एक पत्रक कच्चं मांडलं. टाइप करताना ती अजून दोनच बोटं वापरते. बापलेक तिच्या बोटांकडे बघत बसले.

"चेकच्या बाबतीत तुझा बाप पूर्ण चूक नाही," ती शेवटी म्हणाली.

ड्वेन ताठ झाला. "ऐकलंस?"

"पूर्ण चूक नाही, एवढंच म्हटलं मी, ड्वेन. टोपी खाली ठेव." मग ब्रेनाला तिने समजावलं. "वजावट असते वजनाच्या आधी. सूट असते बिलाच्या नंतर. रविवारच्या पेपरातून आपण कुपनं कापतो ना, सगळं सामान मोजून झालं की गल्ल्यावर ते कुपन देतो, तशी. तुझी दोन कुपनं आहेत. एक लेकीचं, दोन हजारांचं. ते तसंच राहणार. आज तुझा कर त्याहून कमी होतो, म्हणून वरचे सहाशे तुला रोख मिळतात. पगार वाढला की कर वाढेल, कुपन त्यात खपेल, रोख मिळणार नाही. दुसरं कुपन कमी पगाराच्या कष्टकऱ्यांचं. ते पगार वाढेल तसं झिजत जातं. एकदम तुटत नाही, साबणासारखं झिजतं. आज ते एकोणीसशेच्या वर आहे, मग सातशेच्या आसपास होईल. आणि लेकीच्या कुपनानंतरही दोनशेच्या वर कर उरेल, तो त्यातूनच वळता होईल."

"म्हणजे चेक..."

"पूर्ण वर्षाचा नवा पगार धरला, तर वसंतात हे कुपनांचे पंचवीसशे येतात ते पाचशेवर येतील. दोन हजार गेले. शिवाय म्हातारपणाच्या पेन्शनसाठी पगारातून कापतात ते पावणेसहाशे जास्त. आपल्या साऊथ डकोटात राज्याचा कर नाही, ते एक बरं. दुसरी कुठली सरकारी मदत घेतेस? धान्याची, पाळणाघराची?"

"नाही. लेकीला आईच सांभाळते."

"मग हिशेब संपला. साडेसात हजार वाढतात, त्यातले चार हजार आठशे आणि वर काही तुझ्या हातात राहतात. नाही म्हणालीस तर यातला एक डॉलर येणार नाही."

 ब्रेनाने मोठ्या साच्यातले मॅकरोनीचे चार-पाच तुकडे उचलून तळहातावर घेतले.

"चेक एकदम यायचा," ती हळूच म्हणाली. "एकदम आलं की दिसतं. दर पंधरवड्याला थोडं थोडं आलं की कुठे जातं कळतच नाही मला."

"ते खरं दुखणं आहे," आर्डिस म्हणाली, "आणि त्यावर परीक्षेच्या पुस्तकात काही नाही. पण बँकेत दुसरं एक खातं उघड आणि कारखान्याला सांग, दर पगाराला शंभर तिथे टाका. वर्षाचे सव्वीस पगार. सव्वीसशे होतात. गिअरबॉक्स त्यात बसतो. आणि पगारातून कर किती कापायचा, तो कारखान्याचा कागद नवा भर, सोमवारीच, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्याकडे रडत येशील."

ड्वेन ऑर्लिनकडे वळला. त्याला अजून एक गोष्ट नीट लागत नव्हती. "का रे, तुला राग नाही आला? अकरा वर्षं गेली की तुझी!"

ऑर्लिन कॉफीचं भांडं सोडून जवळ आला. त्याला बोलायला नेहमीच वेळ लागतो.

"ट्रक चांगला होता," तो म्हणाला. जरा थांबला. "मुकादमी जास्त चांगली असती."

"ऑर्लिन!" आर्डिस म्हणाली.

"त्याने विचारलं म्हणून सांगतोय. त्रेसष्टाव्या वर्षी घरी येऊन हिने मला सांगितलं, की माझ्यामुळे तुझं इतकं इतकं नुकसान झालं. आकडाही काढून आणला होता. मी म्हटलं, आर्डी, आता निदान दुसऱ्या कुणाचं होऊ देऊ नकोस. तर ही परत परीक्षेला बसली. आणि मला इथे कॉफीला उभं केलं, फुकट."

बाजूच्या टेबलावर कुणीतरी खो खो हसलं. आर्डिसचे कान लाल झाले आणि तिने उगाचच साचे सरळ केले.

पावणेचारला ब्रेना फोन घेऊन जिन्याच्या पायथ्याशी गेली. तळघरात तिथेच जरा रेंज येते. कुणी ऐकायचं नाही असं ठरवलं आणि सगळ्यांनी ऐकलं.

"हो, ब्रेना बोलतेय. ते लाइनचं... नाही, नाही, नको म्हणायला नाही केला फोन. मी घेते ते काम. हो. घेते." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "एक विचारू? पगारातून शंभर दुसऱ्या खात्यात टाकायचे असतील तर कुणाकडे जायचं? ...बरं. सोमवारी सहाला येते."

ती परत येऊन बसली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा शाळेतून बक्षीस आणलेल्या मुलीसारखा.

"आता यंदाच्या पत्रकावर सही कर," आर्डिसने पेन पुढे केलं. "हा जुन्या पगाराचा शेवटचा मोठा चेक आहे, नीट वापर."

ब्रेनाने सही केली. ड्वेनने टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"आर्डिस, ते साचे आणि मॅकरोनी एक दिवस देशील का? कॉफीच्या टेबलावर नेतो. मी नुसतं सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील."

"ने. पण मोजताना चुकू नकोस. आणि मॅकरोनी धुवून आण, तुझ्या त्या टेबलाचा मला भरवसा नाही."

"मॅकरोनी धुतली तर मऊ होईल, मिसेस टी," ब्रेना म्हणाली.

"मग खाऊन टाका," आर्डिस म्हणाली, आणि तिने पुढच्या नंबराला हाक मारली.