विमानातली प्रदक्षिणा

गेल्या नवरात्रात, नवमीच्या दिवशी, मी विमानातून देवीला उलटी प्रदक्षिणा घातली, आणि त्या वेळी विमानात माझी आई बसलेली होती.

विमान आमच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळ होतं. म्हणजे एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला मोठा पडदा आणि विमान वळवायची जॉयस्टिक. याला सिम्युलेटर म्हणतात. घरबसल्या विमान चालवायचं यंत्र. त्याला ‘गेम’ म्हणायचं नाही! आमच्या कारखान्यातल्या एका शहाण्याने मला विचारलं होतं, “या वयात गेम खेळता का साहेब?” त्याच्याशी मी अख्खा पावसाळा बोललो नाही. (त्याला ते कळलंच नाही, ही गोष्ट वेगळी.)

आता आईचं सांगतो. आई माहेरची धारची. लग्न होऊन देवासला आली त्या वर्षापासून दर नवमीला टेकडीवर जाऊन प्रदक्षिणा, हा तिचा नेम. थोरली माता आणि धाकटी माता, दोघी एकाच टेकडीवर, आणि दोघींना मिळून वर माथ्यावरच एक फेरी. मी पोटात होतो तेव्हाही तिने ती केली. बाबा गेले त्या वर्षी रडत रडत केली. आणि यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, “जिना नाही, चढ नाही. घरातल्या घरात, काठी घेऊन.” रोपवे आहे, पण तो वर नेऊन सोडतो. पुढची फेरी पायांनीच करायची असते ना!

आईने डॉक्टरशी वाद घातला नाही. तिथेच मला काळजी लागली, कारण आमची आई भाजीवाल्याशीही वाद घातल्याशिवाय कोथिंबीर घेत नाही. घटस्थापनेला ती देवापुढे बसली आणि हळूच म्हणाली, “यंदा माझा खाडा पडणार गं बाई.” ती हे देवीला म्हणाली, पण ऐकलं मी. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की माझ्या तोंडून नको ते निघून जातं.

“आई, तुला मी विमानातून प्रदक्षिणा घालून आणतो!”

बायको, म्हणजे मंगल, पोळी लाटता लाटता थांबली. “तुमच्या त्या गेममध्ये?”

“सिम्युलेटर.”

आईने मात्र हसण्यावारी नेलं नाही. तिने बराच वेळ विचार केला आणि गंभीरपणे विचारलं, “विमान देवीच्या डोक्यावरून जाईल का?”

“विमान वरूनच जातं, आई.”

“मग नको. देवीच्या डोक्यावरून जायचं नसतं. कळसाच्या खालून ने.”

“नेतो.”

“आणि चपलांचं काय?”

“विमानात चपला कुठून आल्या?”

“अहो, चाकं!” मंगल म्हणाली. ती कुणाच्या बाजूने होती हे मला आजतागायत समजलेलं नाही. “जमिनीवर टेकतात ती चाकं. म्हणजे चपलाच की.”

माझ्या विमानाची चाकं कायम बाहेर लोंबकळत असत. म्हणजे आता चाकं पोटात घेणारं दुसरं विमान आणणं आलं. शिवाय माझ्या सिम्युलेटरमध्ये देवासची टेकडी होती, पण देऊळ नव्हतं. ज्या कंपनीने तो बनवला तिने मोठमोठी शहरं हुबेहूब केली आणि आमच्या देवासला थोडी झाडं अन् चार डब्यांसारख्या इमारती ठेवून मोकळी झाली. अशा वेळी हौशी लोकांनी बनवलेले तुकडे इंटरनेटवरून उतरवून आत बसवायचे असतात. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. देऊळ, टेकडी, रस्ते यांचा तुकडा म्हणजे सीनरी. तोही नीट बसला तर!

मला एका अनोळखी भल्या माणसाने केलेली देवासची सीनरी सापडली. ती बसवली. टेकडी छान आली, देऊळही आलं, फक्त ते टेकडीपासून दोन ताड उंच हवेत तरंगत होतं.

मी धारला बंडूभियाला फोन लावला. बंडूभिया (‘भिया’ म्हणजे आमच्याकडचा भाऊ) माझा मामेभाऊ. तिथे त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि सीनरी बनवायचा त्याला भारी नाद. त्याने केलेला धारचा किल्ला बघितला तर असल किल्ल्याला लाज वाटावी.

“टेन्शन नको घेऊ भिया,” तो म्हणाला. “मी आत्याबाईंसाठी टेकडी बनवून पाठवतो. एकदम झकास!”

त्याने पाठवली, मी बसवली, पण पहिली काढायची राहिली. पडद्यावर एका टेकडीतून दुसरी टेकडी डोकं वर काढून उभी राहिली आणि देवळाच्या पोटात देऊळ. आई काठी टेकत आली, नीट बघितलं आणि म्हणाली, “असू दे. देवासात पूर्वी राजेसुद्धा दोन होते. थोरली पाती, धाकटी पाती. एका गावात दोन राज्यं नांदली, दोन टेकड्या नांदतील.”

“नांदत नाहीयेत आई, विमान थरथरून राहिलंय!”

पहिली टेकडी काढली. मग कळलं की बंडूभियाने आमची टेकडी धारच्या किल्ल्यापेक्षा बुटकी केली होती. यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणे माप बरोबर आहे, मी म्हणे तुझ्या मनातली जळजळ आहे. शेवटी आईने फोन घेतला आणि म्हणाली, “बंडू, टेकडी वाढव.” त्याने निमूट वाढवली. आत्याबाईंपुढे धारची काय बिशाद!

मग विमान. उतरवून घेतलं तर ते पोटापर्यंत जमिनीत रुतलेलं, आतली सगळी घड्याळं काळी, आणि आवाज अजिबात नाही. दोन संध्याकाळी मी त्याच्यापुढे डोकं धरून बसलो. मंगल म्हणाली, “डब्यात डबा ठेवलाय का बघा.” मी तिला सुनावलं की हे स्वयंपाकघर नाही. नंतर बघितलं, तर फोल्डरमध्ये फोल्डर, आणि त्याच्या आत विमान. बाहेर काढून ठेवल्याबरोबर ते चारचौघांसारखं चाकांवर उभं राहिलं. मी मंगलला हे सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, नुसती हसली, आणि ते जास्त लागलं.

अष्टमीला मी एकट्याने चाचणी घेतली. धारच्या हवाईपट्टीवरून उडालो (आईला माहेरूनच निघायचं होतं), इंदूर उजव्या हाताला ठेवलं, देवास आलं, चाकं आत घेतली, आणि टेकडी उजव्या हाताला ठेवून कळसाच्या खालून अशी सुरेख फेरी मारली की माझं मलाच कौतुक वाटलं.

नवमी उजाडली. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, म्हणून खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा असते. फौज केव्हाच गेली, तलवार थोरल्या काकांकडे गेली. आमच्या वाट्याला पाना, पक्कड, स्कूटरची किल्ली आणि मंगलचं शिलाई मशीन. पाटावर ते सगळं मांडलं. यंदा मी मधोमध जॉयस्टिक ठेवली.

“तिला नुसतं फूल वाहा,” आई म्हणाली. “यंत्र आहे ते.”

“छे! आज तुला घेऊन जाणार ती. तिची पूजा यथासांग झाली पाहिजे!” आणि मी तिला गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, ओल्या अक्षता मूठ भरून टाकल्या.

तिसऱ्या प्रहरी आम्ही बसलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ओटीचं ताट तिच्या मांडीवर. मंगल मागे उभी. पंखा बंद, दार बंद, फोन बंद. संध्याकाळच्या आरतीच्या आत फेरी व्हायला हवी होती, कारण आरतीनंतर घट उठणार होता. धार सुटलं, विमान आपोआप उडायचं बटण दाबलं, इंदूर गेलं. पडद्यावर टेकडी दिसायला लागली, तशी आईने पदर डोक्यावर घेतला आणि पुटपुटली, “आले गं.”

मी चाकं आत घेतली, ते बटण सोडलं आणि जॉयस्टिक उजवीकडे वळवली. विमान उजवीकडे वळेना. सरळही राहीना. ते डावीकडे कलंडलं आणि टेकडी डाव्या हाताला घेऊन शांतपणे फिरू लागलं.

“अरे अरे अरे! उलटी!” आई ओरडली. “थांबव!”

“विमान थांबत नसतं, आई!”

“मग मागे घे!”

“मागेही घेता येत नाही!”

“हे कसलं वाहन?” असं म्हणून आईने डोळे घट्ट मिटले आणि हात जोडले. मला वाटलं, घाबरली. मी दोन्ही हातांनी जॉयस्टिक रेटली, शरीर उजवीकडे झुकवलं, मंगलही झुकली, पण विमानाने उलटी फेरी पुरी करूनच दम घेतला.

मी विमान बंद केलं आणि बंडूभियाला फोन लावला. “तुझ्या टेकडीत खोट आहे! काल ठीक होती, आज विमान डावीकडे ओढून राहिली!”

“टेकडी कधी विमान ओढते काय भिया? विमान गडबड असेल. काढ नि फिरून टाक.”

विमान काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा धार, पुन्हा इंदूर, पुन्हा टेकडी. पुन्हा उलटी फेरी! आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गेली उडत सीनरी, आणि रागाच्या भरात सगळे ॲड-ऑन एकदम काढून टाकले.

“अहो!” मंगल किंचाळली. “देऊळ गेलं! तिथे चार मजली बिल्डिंग आली!”

“टेकडीवर?” आईने डोळे न उघडता विचारलं. “कोणी परवानगी दिली?”

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. शेजारच्या घरात आरतीची घंटा लागली. मला रडूच यायला लागलं. आईचा इतक्या वर्षांचा नेम, आणि त्यावर मी माझ्या हाताने पाणी ओतत होतो. नुसता खाडा पडला असता तर परवडलं असतं. मी तिला उलटं फिरवलं होतं, तेही दोनदा!

मी जॉयस्टिक टेबलावर आपटली. तिच्यातून काहीतरी टपकलं. मंगलने वाकून उचललं आणि माझ्यापुढे हात धरला. कुंकवाने माखलेला, फुगलेला तांदळाचा दाणा. तिने जॉयस्टिक उलटी करून झटकली. आणखी दाणे पडले. दांडीच्या बुडाशी, उजव्या बाजूला, माझ्या यथासांग पूजेच्या अक्षता घट्ट बसल्या होत्या आणि दांडीला उजवीकडे जाऊच देत नव्हत्या.

मंगलला बोलायचं होतं, ते दिसत होतं. पण ती सोशिक बाई आहे, तिने ते पुढच्या सणासाठी राखून ठेवलं.

मी घाईघाईने सगळं परत बसवलं. या खेपेला धार नाही, इंदूर नाही, एकदम टेकडीजवळ. चाकं आत. दांडी उजवीकडे. आणि विमान वळलं! टेकडी उजव्या हाताला, कळसाच्या खालून, पायवाटेच्या वळणावळणाने, धाकटी माता, मग थोरली माता. फेरी पुरी झाली तेव्हा आमच्याकडे आरतीला दिवा लावायचीच वेळ झाली होती.

आईने डोळे उघडले. गालावरून पाणी वाहत होतं. “झाली रे बाळा,” ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. (मंगल हे वाचणार नाही अशी आशा आहे.)

“देऊळ कसं दिसलं आई? कळस बघितलास? पायऱ्या बघितल्यास?”

“मी कुठे बघितलं? मी डोळे मिटून होते.”

“या फेरीत?”

“पहिल्यापासून. तू उलटा निघालास तेव्हाच म्हटलं, याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. मग माझी मी चालायला लागले, मनातल्या मनात. ती पायरी खचलीय ना, तिथे जरा जपून. माझी फेरी केव्हाच झाली. तुझी व्हायची वाट बघत बसले होते.”

“मग ही विमानातली?”

“ती तुझी. इतक्या वर्षांत एक केली नव्हतीस, देवीला म्हटलं, याच्या नावावर घे.”

मंगलने विचारलं, “आणि त्या उलट्या दोन?”

“त्याही त्याच्याच,” आई शांतपणे म्हणाली. “उद्या पायी जाऊन सरळ करून ये.”

दसऱ्याला सकाळी गेलो. टेकडी मला इंच न् इंच तोंडपाठ होती, कुठे झाड, कुठे वळण, सगळं. पायऱ्या एवढ्या असतात हे मात्र पडद्यावर कळत नाही. वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. नारळवाल्याच्या फळीला धरून उभा राहिलो, श्वास घेतला, हात जोडले आणि मोठ्या भक्तिभावाने चालू लागलो.

मागून नारळवाला ओरडला, “ओ भिया! उल्टे किधर जा रिये हो? पेली बार आए क्या टेकरी पे?”

चार बायका वळून बघायला लागल्या. माझा जन्म याच टेकडीच्या पायथ्याशी झालेला. मी मान खाली घातली आणि म्हटलं, “हाँ भिया, इंदौर से आया हूँ.”