भंडाऱ्याची छाती, नागपूरचा पगार

स्कॅन सेंटरच्या दारावर स्टूल टाकून बसलं का किस्से आपोआप साचतात, पंख्यावर धूळ साचते तसे. पुसाले कोणी येत नाही. मी चौथी नापास. जे दिसलं ते लिहितो. पटत नसंल तं वाचू नका!

*

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, मंग तिकडंही सेंटरं उघडली. आमची सीटीवाली पोरगी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेली, ते थेट गोंदियालेच रुजू झाली! फोन केला तं म्हणे, "काका, डबा ठेवून द्या. तुमच्याकडं पगार वाढला का नेईन."

डब्यात भरीत होतं!

*

तवापासून एक्सरे अन् सीटी दोन्ही आमच्या एक्सरेवाल्या विलासकडंच. तो गेला का सेंटरले कुलूप, माह्या स्टूलालेही. म्हणून त्याच्या पगाराची धाकधूक मलेच जास्त.

सिहोऱ्याचा एक म्हातारा पाय मोडून आला. म्हणे, "हाडाचा फोटो काढणाऱ्याले पगार कमी अन् डोस्क्याचा काढणाऱ्याले जास्त. असं काहून?"

विलास म्हणाला, "काका, हाडं सगळ्याईले असतात!"

*

विलासचा साळा जवाहरनगरले सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात एक्सरे काढे. सरकारी पगार, वरून क्वार्टर. दिवाळीत पगाराचा आकडा सांगून गेला. मंग विलासची बायको म्हणाली, "तोही छातीचाच फोटो काढते. तुमच्याकडच्या छात्या सेकंडहँड हायेत काय?"

*

मंग विलासले नागपूरहून एमआरआय काढाच्या नोकरीचं बोलावणं आलं. दुप्पट पगार! विलास आमच्या मालक डॉक्टरले म्हणाला, "साहेब, तीन हजार वाढवा. नाही तं सोमवारी चाललो."

"भंडाऱ्यात राहणं स्वस्त आहे रे."

"पेशंटले बिल तं नागपूरचं देता!"

साहेबानं असं दार आपटलं का माह्या हातातला चहा सांडला.

*

शनिवारी साहेबाचाच खोकला हटेना, धाप लागे. सीटी काढाचं ठरलं. साहेब टेबलावर झोपले, हात डोक्याच्या वर. मी काचेच्या अलीकडं, विलासच्या मागं.

विलास माइकवर म्हणाला, "श्वास घ्या. रोका. हलाचं नाही."

मशीन घरघरली. फोटो निघून गेला, मलेही पडद्यावर दिसला. पण विलास 'सोडा' म्हणेच ना! मी कोपर मारलं. त्यानं पाहिलंही नाही.

"साहेब, सोमवारचं काय करता?"

श्वास रोकलेला, साहेब बोलतील कसे! मंग डोक्यावरच्या हाताचं एक बोट उघडलं. थोड्या वेळानं दुसरं.

विलास पडद्याकडंच पाहे.

तिसरं उघडलं.

"हलू नका साहेब," विलास म्हणाला, "फोटो बिघडते!"