टाकीचं झाकण

लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही सहा जणांनी मिळून रेसिंगची गो-कार्ट बनवायला घेतली, तेव्हा कामं वाटताना इंधनाचं काम माझ्याकडे आलं. आलं कसलं, ढकललं गेलं. वेल्डिंग पोरांनी घेतलं, ब्रेक पोरांनी घेतले, आणि आमचा मुरुडचा कॅप्टन तर कार्ट तयार व्हायच्या आधीच हेल्मेट घालून फिरत होता. "पेट्रोल भरायचं न् नळी बघायची, लई सोपं हाय," असं त्यानं मला समजावलं. मला राग आला, आणि त्या रागाच्या भरातच मी ते काम मनावर घेतलं.

वर्ष दुष्काळाचं होतं. हॉस्टेलच्या नळाला पाणी कधी येईल ते कुणी छातीठोकपणे सांगत नसे. आमच्या उदगीरकडे तर दोनच विषय होते: टँकर कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. वडील फोनवर दोन्हींबद्दल सारख्याच उत्साहाने बोलायचे. कार्ट पाण्याने धुवायची नाही, अशी नोटीस वर्कशॉपच्या दारावर लागली होती, त्यामुळे जिकडेतिकडे धूळ. कार्बुरेटरमध्ये जेट नावाचा एक छोटा पितळी भाग असतो, त्याच्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल इंजिनाकडे जातं. तिथे एक कण अडकला की गाडी खोकत बसते. म्हणून मी पेट्रोल आईच्या जुन्या सुती साडीच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची, नळ्यांना कुठे चीर पडली आहे का ते रोज बघायची, फिल्टर उजेडाकडे धरून तपासायची. पोरं म्हणायची, चहा गाळून राहिली बघा. गाळते, म्हटलं, तुम्हाला मिळणार नाही.

कार्बुरेटर जुन्या मोटारसायकलचा होता. नांदेडच्या जुन्या बाजारात एक म्हातारे मेकॅनिक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. कंधारपासून लोक त्यांच्याकडे गाड्या घेऊन यायचे. त्यांनीच तो साफ करून, नवे वॉशर घालून दिला होता. "दोन साल बघायची गरज न्हाई बेटा," असं त्यांनी मला सांगितलं होतं.

पहिल्या चाचणीच्या दिवशी वर्कशॉपच्या सरांनी पूजा ठेवली. मी टाकीत पेट्रोल गाळून ओतत होते, तेवढ्यात कुणीतरी अगरबत्ती पेटवली. मी अशी काही ओरडले की तो पोरगा अगरबत्ती घेऊन पार गेटपर्यंत पळाला. पेट्रोलजवळ जाळ नको, एवढी अक्कल नाही का, वगैरे मी सुनावलं. सगळे गुमान ऐकत होते, मला फार बरं वाटलं. त्या भरात टाकीचं झाकण लावायचं मीच विसरले.

आमचं घर बौद्ध. घरात नारळ फोडायची पद्धत नाही, त्यामुळे नारळाचं पाणी किती लांब उडतं याचा मला काहीच अंदाज नव्हता. सरांनी नारळ पुढच्या बंपरवर फोडायला हवा होता, पण त्याचं वेल्डिंग पोरांनी केलेलं, सरांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी सीटमागचा जाड पाइप निवडला. टाकी त्याच्या शेजारीच. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि मला झाकण उघडं दिसलं. चार थेंब गेले असतील, असं मनाला सांगत मी ते गुपचूप लावून टाकलं.

कार्ट दोन फेऱ्या झोकात धावली. तिसऱ्या फेरीला धापा टाकत बंद पडली ती पुन्हा सुरूच होईना.

पाणी पेट्रोलच्या तळाशी बसतं आणि नळी तळातूनच निघते, हे मला माहीत होतं. तिथल्या तिथे टाकी रिकामी केली असती तर सगळं मिटलं असतं. पण मग "का?" म्हणून कुणीतरी विचारलं असतं. मघाशी एवढा आरडाओरडा केलेल्या बाईने आता काय सांगायचं? मी टाकीला हातच लावला नाही.

कॅप्टननं निकाल लावून टाकला. "चाचानं फसवलं आपल्याला. खराब माल गळ्यात मारला." स्पर्धा आठ दिवसांवर होती. दुसऱ्याच दिवशी कार्बुरेटर डब्यात घालून तो नांदेडच्या बसमध्ये बसला, आणि शेजारी मी. वाटेत त्याने चाचांना काय काय सुनावायचं ते तीनदा म्हणून दाखवलं.

दुकानात गिऱ्हाईकांची गर्दी होती. कॅप्टननं सगळ्यांसमोर डबा आपटला. "चाचा, हे काय दिलं तुम्ही? दोन फेऱ्यांत गाडी बसली!" गिऱ्हाईकं आमच्याकडे बघायला लागली. चाचांनी शांतपणे कार्बुरेटरची खालची वाटी उघडली. आतला ओलावा चिमटीत घेतला, बोटं एकमेकांवर घासली, थोडं थांबून पुन्हा घासली. मग माझ्याकडे पाहिलं.

"बोला की," कॅप्टन म्हणाला, "तुमचीच चूक हाय न्हवं?"

नारळावर ढकलता आलं असतं, सरांवरही. पण झाकण माझं होतं. माझ्यामुळे त्या माणसाला भर दुकानात खाली बघावं लागणार, हे काही मला सोसेना.

"चाचांची नाही, माझी चूक आहे," मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं. "मी टाकीचं झाकण उघडं ठेवलं. पूजेचं नारळपाणी आत गेलं. मला कालच कळलं होतं."

कॅप्टनचा चेहरा पडला. "आन् तू बसमध्ये सगळं ऐकून घेतलंस?"

"हाव," मी म्हणाले.

चाचा खो खो हसायला लागले. "मालूम होतं मला! हाताला चिकटून राहिलंय. साधं पाणी असं चिकटत न्हाई."

कॅप्टन कान पकडून म्हणाला, "चाचा, चुकलं."

"तुला कुठं मालूम होतं?" म्हणत चाचा आपल्या पाटावरून उठले आणि मला तिथे बसवलं. "चल, साफ कर. लातूरला गेल्यावर टाकी बी पुरी सुकव."

मी स्वच्छ पेट्रोलमध्ये ब्रश बुडवला. एका गिऱ्हाईकानं विचारलं, "चाचा, ही पोरगी कोण?"

"कारीगर हाय," चाचा म्हणाले, आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

मी मान वर केली नाही. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि जेट अजून साफ व्हायचा होता.