तेलाखालचा खिळा

कुंदाच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा, फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. "ताई, कुंदा गेली," एवढंच म्हणाले, आणि मग नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला... फोन ठेवेपर्यंत कढईतले दाणे काळे पडले होते. कुंदाचं दुखणं मूत्रपिंडाचं, जुनं. बातमी कधीतरी येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेलं दुःख कमी लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला तर आजही दाणे भाजवत नाहीत.

त्याआधी थोडेच दिवस मी तिला दवाखान्यात भेटले होते. हाताला सुया, चेहरा सुजलेला, आणि बाईसाहेबांचा पहिला प्रश्न, "ताई, घरी माझ्या बाटलीला कोणी हात नाही ना लावला?" मी म्हटलं, "गुजरातेत राहतेस, बाटलीचं नाव जरा हळू घे." ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. मग डोळे मिटून म्हणाली, "रेखा कधी आली तर तिला दाखवा." रेखा कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

डिंडोलीतल्या मराठी शाळेत आम्ही दोघी बरोबर होतो. मी मराठी शिकवायचे, ती विज्ञान. मी मराठवाड्यातली, ती खानदेशातली. डब्यातल्या ठेच्यावरून आमचं रोज वाजायचं आणि रोज एकमेकींचा ठेचा संपायचा. मुलं बहुतेक कापडाच्या लूमवर राबणाऱ्या कामगारांची. शाळेत प्रयोगशाळा म्हणून जी खोली होती, तिच्यात तुटके बाक रचलेले. कुंदाने तक्रार केली नाही. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या मुलांकडून गोळा केल्या, हार्डवेअरच्या दुकानातून खिळे आणले आणि वर्गाच्या खिडकीत रांग मांडली. एका बाटलीत साधं पाणी, एकीत मिठाचं, एकीत लिंबाचा रस, एकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, एकीत मोरचूद. मोरचुदातला खिळा बघता बघता तांब्याच्या रंगाचा व्हायचा आणि मुलं जत्रेत आल्यासारखी ओरडायची. मिठातला लवकर गंजायचा, सोड्यातला तसाच राहायचा. कुंदाची लाडकी बाटली मात्र वेगळी होती. पाणी खळखळ उकळून त्यातली हवा घालवायची, ते बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं, खिळा सोडायचा, वर गोड्या तेलाचा थर द्यायचा आणि बूच मेणाने बंद करायचं. "पाणी आहे, लोखंड आहे, पण हवा नाही. आता गंजून दाखव म्हणावं!" असं ती खिळ्याला दटावायची. मी म्हणायचे, कुंदा, तू नवऱ्याशी तरी इतकं बोलतेस का?

रेखा सातवीत होती. बमरोलीच्या चाळीत राहणारी, किडकिडीत, सगळ्यांत आधी हात वर करणारी. वर्गातली तेलाची बाटली तिने स्वतः भरली होती. एकदा कुंदाने प्रत्येकाला एकेक बाटली घरी नेऊन रोज बघायला सांगितलं, आणि रेखाच्या वाट्याला लिंबू आलं. लिंबाची फोडही आत टाकलेली. चाळीत ऊन पडतं ते शेजारणीच्या दारापुढच्या कठड्यावर. रेखाने बाटली तिथे ठेवली. शेजारणीच्या घरात तान्हं बाळ होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात ते तापाने फणफणलं. दारात लिंबू, लोखंडाचा खिळा आणि खाली साचलेलं तांबडं पाणी... आपल्या माणसांना यापुढे काही सांगावं लागत नाही. करणी! रेखाच्या आईला चाळीने दारात उभं करून वाट्टेल ते ऐकवलं.

कळलं तशी कुंदा तिथे धावली. मीही सोबत होते. तिने सगळ्यांसमोर पेल्यात लिंबू पिळलं, नवा खिळा टाकला आणि समजावू लागली. लोक पेल्याकडे बघत राहिले. खिळ्याला दोन-चार बुडबुडे आले, त्यापलीकडे काही नाही. पाणी तांबडं व्हायला दिवस जावे लागतात. माणसांना भडकायला तेवढा वेळ लागत नाही. बाळाची आजी म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमनं इज्ञान तुमना घरमा ठेवा. आमना पोऱ्या तापमा पडेल शे." कुंदाने पेला उचलला आणि आम्ही परतलो. बाळ पुढे बरं झालं. पण तोवर रेखाच्या घरच्यांनी खोली सोडली होती, आणि पोरीची शाळा सुटली ती सुटलीच.

कुंदाने त्यांना भेस्तानमध्ये शोधून काढलं. पुन्हा पुन्हा जायची. बाप दारातच म्हणायचा, "बाई, पोरगी साडीवर स्टोन चिकटवते, सुखात आहे. आता तुम्ही येऊ नका." रेखा कधी बाहेर आली नाही. परतताना रिक्षात कुंदा एकच वाक्य बोलायची, "प्रयोग नाही चुकला ताई, मी चुकले. कुठल्या घरात काय पाठवतेय, हे बघायला हवं होतं." मी तिची समजूत घालायचे, ती मान हलवायची, आणि पुढच्या खेपेला तेच वाक्य. त्यानंतर तिने एकही बाटली मुलांसोबत घरी दिली नाही. रेखाने भरलेली ती तेलाची बाटली मात्र स्वतःच्या घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. पोरीच्या मनात आपल्याबद्दल राग आहे, एवढंच घेऊन ती जगली. याचा मला फार राग येतो, अजून येतो.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर एक बाई दाराशी घुटमळताना दिसली. बोटांच्या टोकांवर गोंदाचे वाळलेले पापुद्रे होते, त्यावरून मी ओळखलं. रेखाच. मी तिला आत खिडकीपाशी नेलं. बाटली बघून ती खाली बसली.

"ही बाईंनी ठेवली?" तिने विचारलं. मग पदरात तोंड खुपसून म्हणाली, "त्या घरी यायच्या तेव्हा मी दारामागे असायचे. तोंड दाखवायची लाज वाटायची. बाटली मी तिथे ठेवली ना... माझ्यामुळे बाईंना लोकांनी बोल लावला."

एक दाराच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि दोघींच्या मनात एकच गोष्ट. कुंदाचं ओझं उतरवायला हे एवढंच पुरलं असतं.

मागोमाग आत आलेले मधुकरराव म्हणाले, "घेऊन जा बेटा, तुझीच आहे." रेखाने बाटली उचलली नाही. जरा वाकून उजेडाच्या बाजूने बघितली. खिळ्याच्या डोक्याशी बारीक तांबूस ठिपका आलाय, बाकी लोखंड अजून चकचकीत आहे.

"नको, काका," ती म्हणाली. "रिक्षात हिंदकळेल. तेलाचा थर मोडला की पाण्यात हवा शिरेल."

सातवीतल्या पोरीसारखं, एका दमात, बरोबर उत्तर. मी सवयीने वळून कुंदाकडे बघितलं... ओट्यापाशी कोणी नव्हतं.

बाटली तिथेच आहे. मधुकरराव खिडकी पुसतात, तेव्हा तेवढी जागा सोडून पुसतात.