आत जायची खोली, बाहेर यायची खोली

माझ्या मोठ्या जाऊबाई औषधाच्या कारखान्यांचे नकाशे काढतात. मी त्याच ऑफिसात फोन घेते आणि नकाशांच्या प्रिंट काढते. घरात मी धाकटी, ऑफिसात त्याहून धाकटी. मी त्यांना ताई म्हणते. ऑफिसातले लोक मात्र पाठीमागे 'दारवाल्या बाई' म्हणतात, कारण कुठलाही नकाशा समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे दार कुठल्या बाजूला उघडतं?"

हसण्यासारखं त्यात काही नाही. इंजेक्शनच्या कारखान्यात जिथे बाटली भरतात तिथली हवा सगळ्यांत स्वच्छ आणि तिथला दाब सगळ्यांत जास्त. हवा आतून बाहेर ढकलत राहायला हवी, बाहेरची आत शिरता कामा नये. दार चुकीच्या बाजूला उघडलं की त्याच हवेने ते किलकिलं राहतं.

ताईंची एक पद्धत आहे. नवा कारखाना कागदावर आला की त्यातल्या अवघड खोल्या त्या आमच्या गच्चीवर खडूने खऱ्या मापाने आखतात आणि घरच्यांना त्यातून चालायला लावतात. शेजाऱ्यांना वाटतं, हे कुटुंब म्हातारपणी लंगडी खेळतंय.

त्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर आम्ही गच्चीवर होतो. दुपारी कारखान्याचे मालक येणार होते, नकाशा पक्का करायला. ताईंना पहिल्यांदाच पूर्ण काम स्वतःच्या नावावर मिळालं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांतली दारं दुरुस्त केल्यावर. मी देवापुढे दिवा लावताना त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त बोलले होते.

"मी आज कोण? कचरा की माणूस?" ताईंच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी विचारलं. ते शाळेत गणित शिकवतात आणि मागच्या खेपेला त्यांना कचरा व्हावं लागलं होतं.

"माणूस. शिफ्ट सुटल्यावर बाहेर जाणारा," ताई म्हणाल्या.

"बढती झाली म्हणायची."

सासूबाईंना आतल्या चौकोनात स्टुलावर बसवलं. त्या बाटल्या भरणाऱ्या. मी मधल्या चौकोनात, कपडे बदलायच्या खोलीत. इथेच आदल्या दिवशी बदल झाला होता. मूळ नकाशात दोन खोल्या होत्या, एक आत जाताना कपडे चढवायची आणि दुसरी बाहेर येताना उतरवायची. पण मालकांना बाटल्या भरायच्या खोलीलगत काचेची गॅलरी हवी होती, पाहुण्यांना काम दाखवायला. जागा पुरेना. आमचे साहेब ताईंना म्हणाले, "दोन खोल्यांची एक करा. आत जायची वेळ वेगळी, बाहेर यायची वेळ वेगळी, झालं." ताईंनी केली. सही केली. नकाशा मालकांकडे गेला.

"शिफ्ट सुरू," ताई म्हणाल्या. "आता मधून कुणी हलायचं नाही."

मी पांढरा झगा अर्धा चढवला होता. एक हात बाहीत, दुसरा बाहेर. तेवढ्यात सासूबाई उठल्या.

"आई, कुठे?" ताईंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? जाऊन येते."

"अहो, शिफ्ट संपेपर्यंत बाहेर येता येत नाही!"

"तुझी शिफ्ट तुझ्यापाशी ठेव बाई. सकाळचा चहा झालाय माझा." असं म्हणत त्या तडक माझ्या चौकोनातून निघाल्या. खांदा माझ्या झग्याला घासला, पदर माझ्या बाहीत अडकला आणि तो सोडवत त्या जिन्याने खालीही गेल्या.

भाऊजी पोट धरून हसले. मीही हसले. मग ताईंकडे पाहिलं आणि हसायची थांबले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या माझ्या झग्याकडे बघत होत्या.

"हे मी केलं," त्या म्हणाल्या. "मी! मला माहीत असून."

काय माहीत होतं ते भाऊजींना आणि मलाच ठाऊक आहे. लग्नाआधी ताई अशाच एका कारखान्यात बाटल्या भरायला होत्या. डोक्यापासून पायापर्यंत बांधलेलं, डोळेही चष्म्याआड. एकदा आत गेलं की बाहेर यायची चोरी, कारण बाहेर येऊन परत जायचं तर सगळा साज नव्याने. म्हणून तिथल्या मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. एक दिवस ताईंना चक्कर आली आणि त्या बाटल्यांच्या रांगेवरच कोसळल्या. त्या दिवसाचं सगळं औषध फेकून दिलं. "घरून खाऊन येत जा," एवढंच त्यांना ऐकवलं. खरं कारण पुरुषमाणसासमोर सांगायची लाज. त्यानंतरच त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नकाशे काढायला शिकायला सुरुवात केली.

ऑफिसात गेल्या गेल्या त्यांनी साहेबांना गाठलं. दार उघडंच होतं, माझ्या टेबलापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

"आज काही बोलू नका," साहेब म्हणाले. "गॅलरी बघून ते खूश आहेत. हे काम गेलं तर अर्धं ऑफिस घरी बसेल. आणि तुमचं तर पहिलंच काम. कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?"

"नकाशा चुकलाय, साहेब."

"नंतर बघू."

ताई बाहेर आल्या. टेबलापाशी जाऊन कामाला लागल्या. मला मात्र दुपारपर्यंत फोनवर कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं.

मालक वेळेवर आले. मोठा नकाशा टेबलावर पसरून कोपरे धरायला मी आत थांबले. मालकांनी बोट गॅलरीवर ठेवलं. "हे झकास झालंय. इथून पाहुण्यांना सगळं दिसणार."

"अगदी सगळं," साहेब म्हणाले.

"या नकाशात माझी चूक आहे," ताई म्हणाल्या.

माझ्या हातातला कोपरा सुटला आणि कागद गुंडाळला गेला. मी तो परत दाबून धरला. देवा, सांभाळ, एवढंच मनात.

"सांगा," मालक म्हणाले.

"हे औषध उष्णतेने खराब होतं. म्हणजे बाटली बंद केल्यावर ती तापवून शुद्ध करता येत नाही. जे जपायचं ते भरतानाच. आणि त्या खोलीत सगळ्यांत जास्त जंतू आणतो तो माणूस. इथे आत जाणारा आणि बाहेर येणारा एकाच खोलीत येतात, म्हणजे एकाच्या घामेजलेल्या कपड्यांचे जंतू दुसऱ्याच्या ताज्या झग्याला."

"पण तुम्ही वेळा वेगळ्या ठरवल्यात ना? इथे लिहिलंय."

"वेळ घड्याळाला कळते, पोटाला नाही. कुणाला तरी मधेच बाहेर यावं लागणार."

मालक हसले. "म्हणजे सगळं बाथरूमवर अडलंय?"

"हो. बाथरूमवरच."

"मॅडम," साहेब मधे पडले, "असलं बारीकसारीक नंतर बघता येतं. आत्ता नुसता कच्चा आराखडा आहे."

"नंतर भिंती असतील, साहेब. आत्ता रेघा आहेत, तोवरच पुसता येईल."

"बाकीच्या कारखान्यांत बायका घेतातच की सांभाळून," मालक म्हणाले.

"घेतात. पाणी न पिता." ताई म्हणाल्या. "मीही घेत होते. एक दिवस नाही जमलं. बाटल्यांवरच पडले. सगळा माल फेकावा लागला."

मालकांच्या बोटांतलं पेन फिरायचं थांबलं. "आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं? आणि कसं?"

साहेबांनी समोरचे कागद उगाच सरळ केले.

"दुसऱ्या खोलीला जागा कुठून आणणार?" मालकांनी विचारलं.

ताईंनी बोट उचललं आणि काचेच्या गॅलरीवर ठेवलं.

"ती माझी हौस आहे."

"माहीत आहे मला."

मालकांनी गॅलरीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, आता नकाशा गुंडाळून निघतात. मग ते म्हणाले, "पाहुणे अर्ध्या काचेतून बघतील. करा दोन खोल्या."

मी श्वास सोडला, पण ते अजून उठले नव्हते. ते साहेबांकडे वळले. "पण एक गोष्ट मला खटकली. चुकलेला नकाशा सहीनिशी माझ्याकडे आला. उद्या भिंती उभ्या राहिल्यावर या 'चूक झाली' म्हणायला आल्या तर? काम तुमच्याकडेच राहील. फक्त हाताळणारा माणूस बदला."

मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य पुरे होतं, 'मीच करायला सांगितलं होतं.' साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," म्हणाले.

मालक गेल्यावर जिन्यात मी त्यांना अडवलं. "तुम्ही गप्प का बसलात? खरं सांगायचं होतं ना!"

"सही कुणाची होती?"

"सांगितलं कुणी होतं?"

"सांगणारा सांगतो गं. पेन माझ्या हातात होतं."

"वाईट वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतंय की. खूप वाटतंय." त्यांनी कठड्याला धरलं, डोळे पुसले आणि माझ्याच रुमालाने नाकही पुसलं. "आता जाऊ दे मला पुढे, काम आहे."

काम पलीकडच्या टेबलावरच्या तरुण इंजिनियरकडे गेलं होतं. ताई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. तो कानापर्यंत लाल झाला.

"मॅडम, मला खरंच कसंतरी वाटतंय. हे तुमचं काम."

"वाटू दे. आधी ही गॅलरीची भिंत आत घे. अजून. अजून थोडी. घाबरतोस कशाला, मालकांनी हो म्हटलंय."

त्याने रेघ सरकवली. पडद्यावर एक रिकामा चौकोन उघडला. ताईंनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "हां. आता इथे लिही, बाहेर येण्यासाठी."