देव्हाऱ्यातलं कार्ड

पहिला पगार आला तेव्हा मी एक चूक केली. ती पटापट सांगते, कारण हळू सांगायला बसले की मला परत राग येतो आणि मग कुणाचा राग आला तेच कळत नाही.

माझं माहेर कोरेगाव. सासर तासगावच्या अलीकडचं एक गाव. नवरा फौजेत, तिकडं वर थंडीत. घरात सासू, सासरे आणि मी. सासूला मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा मला सांगलीत एका लॅबमध्ये नोकरी लागली. द्राक्षबागेतल्या पानांचे देठ, माती, विहिरीचं पाणी असलं सगळं तपासायची लॅब. माझं बीएस्सी केमिस्ट्रीत झालंय, त्यामुळं मला तर लय आनंद झाला. दीड वर्ष घरात बसून मी चहापत्तीच्या पुड्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचून काढलं होतं, खोटं नाही सांगत.

आत्या म्हणाल्या, "माती बघायला सांगलीला जातीस व्हय? आमच्या रानातली काय आटली?"

मामा म्हणाले, "जाऊ दे की. शिकल्याली हाय. चार पैसं येतील घरात."

बघा, "घरात" म्हणाले ते. मी तेव्हा "जाऊ दे" एवढंच ऐकलं.

पगार खात्यात आला. नवीन खातं, नवीन कार्ड, बंद पाकिटात पिन. आमच्या कोरेगावला पहिली कमाई देवापुढं ठेवायची पद्धत आहे. रात्रभर ठेवायची, सकाळी नमस्कार करून उचलायची, मग खर्च. माझ्या भावानं त्याच्या पहिल्या पगाराच्या नोटा अशाच ठेवल्या होत्या. पण माझ्याकडं नोटा कुठं होत्या? म्हणून मी कार्डच ठेवलं. पिनचं पाकीट फोडून आकडे पाठ केले आणि तेही कार्डाखाली सरकवलं, म्हटलं, अर्धं कशाला ठेवायचं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, घंटा वाजवली. आत्यांनी लांबनं बघितलं आणि पहिल्यांदा, म्हणजे अगदी पहिल्यांदा, माझ्याकडं बघून हसल्या.

सकाळी आंघोळ करून मी देव्हाऱ्यापाशी गेले, कार्डाला हात लावणार तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "आगं, काय करतीस?"

"उचलते की आत्या. झाली एक रात्र."

"आमच्यात उचलत न्हाईत. देवापुढं ठेवल्यालं दसऱ्याला उचलायचं. आन जिच्या हातात पूजा, तिनंच."

पूजा आत्यांच्या हातात. आणि तेव्हा होता आषाढ!

मी आईला फोन केला. आई म्हणाली, "आगं बाई, तेवढं आधी इचारायचं न्हाईस का? घराघरात येगळं असतंय." मग म्हणाली, "असू दे. देऊन टाक. मी बी तुझ्या बापाच्या हातातच दिला जलमभर, काय बिघडलं?" काय बिघडलं ते मी लहानपणी बघितलेलं, पण आईला ते कसं सांगणार.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवरनं काढायचे की पैसे. ॲपला कार्डाच्या मागच्या बाजूचे आकडे लागतात, ते मी लिहून घेतले नव्हते. आधारवरनं चालू करावं, तर लग्नानंतर आधारवर नाव बदलताना मोबाईल नंबर मामांचा दिलेला. बँकेत जाऊन स्लिप भरता आली असती. खरंच आली असती. एकदा गेलेसुद्धा, रांगेत उभी राहिले, दोन माणसं पुढं असताना परत फिरले. कारण मग घरात असं झालं असतं की, देवापुढचं सोडून ही परस्पर बँकेत गेली. त्या एका वाक्याला मी भ्यायले. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा भ्यायले.

मग काय, दर सोमवारी एसटीच्या तिकिटासाठी मामांपुढं हात. माझा पगार खात्यात साठतोय आणि मी म्हणतेय, "मामा, एसटीला द्या की." मामा द्यायचे. कधी नाही म्हणाले नाहीत. पण खिशात हात घालायला एवढा वेळ लावायचे, एवढा वेळ, की मला वाटायचं मी सातवीत आहे आणि सहलीला पैसे मागतेय.

आणि एसटी! आमच्या फाट्यावर आठची गाडी साडेआठला येते, पावसाळ्यात तेवढीही नाही. लॅबमधले सर चांगले आहेत, पण श्रावण सरताना त्यांनी मला बोलावलं. "हे बघ, आता छाटण्या चालू होतील. मग देठांच्या पिशव्यांचा ढीग लागतो. नऊला दारात पाहिजेस. आत्तापर्यंत सांभाळलं, पुढं दुसरी मुलगी बघावी लागंल."

म्हणजे झालं. स्कूटर घेतली तर नोकरी, नाहीतर परत चहापत्तीचा पुडा. स्कूटर मला येते, कोरेगावला कॉलेजला बाबांचीच नेत होते. लॅबच्या मागच्या गल्लीत एका बाईंची जुनी स्कूटर विकायची होती, राखाडी रंगाची. साठलेल्या पगारात बसत होती. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन तिला बघून यायचे. हो, स्कूटरला. पोरं वधू बघायला जातात तशी.

गणपती गेल्यावर घरात विषय काढला. भाकरी चालली होती.

मामा म्हणाले, "गाडी कशाला? म्या ठिबकच्या पायपा बघून आलोय. ह्या साली खालच्या रानात टाकायच्या हायत. तुजं पैसं त्यातच घालायचं म्हंतोय."

"मामा, पण एसटी..."

"एसटीनं सगळं जग जातंय."

"सगळं जग उशिरा जातंय मामा."

आत्या खुदकन हसल्या आणि लगेच तव्याकडं वळल्या.

मामा तापले. "आमचं पोरगं बर्फात उभं ऱ्हातंय. त्येचा समदा पगार हितं येतुया, कार्ड माज्याकडं हाय. त्यानं कवा इचारलं का, पैसं कुटं गेलं? मग तू काय येगळी लागून गेलीस?"

माझी अजून तगमग आहे ती ह्याचीच. कारण खरंच आहे ना? तो सगळं देतो. मी त्याच घरातली भाकरी खाते. मग माझं तेवढं माझं कसं? रात्री त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "तू आन बाबा बघा काय ते. मला मधी घालू नगं." मी म्हटलं, "तुला तिथं मेस आहे, गाडी आहे, वर्दी आहे. मला फाट्यावर उभं राहायचं असतं. आपण सारखे कसे?" तो म्हणाला, "हां, ते बी खरं हाय." नेटवर्क गेलं. नेमकं असल्या वेळी जातं.

मग तो मंगळवार. सकाळी अकरा वाजले असतील. माझ्यापुढं मातीच्या पिशव्या, हातात मोजे, आणि फोन वाजला. मामा.

"पोरी, तुझा आकडा काय हाय गं?"

मला आधी कळेचना. मागनं आवाज, दार उघडल्याचा, कुणीतरी खाकरल्याचा. मामा तासगावला एटीएममध्ये होते. दसऱ्याची वाट न बघता आत्यांच्या हातानं देव्हाऱ्यातलं कार्ड काढून घेतलं होतं, पूजा त्यांची ना, त्यांचा हात चालतो. कार्डाच्या सोनेरी चौकोनात कुंकू भरलेलं, आधी मशीन घेईना, मग त्यांनी टोपीला पुसून घातलं. हे सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं, काही लपवलं नाही. चोरी करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

"पाकिटात असेल की मामा आकडा."

"पाकीट न्हाई. नुसतं कार्ड हुतं. दोनदा आपला घातला, न्हाई म्हंतंय."

"आपला म्हणजे?"

"आगं, आपला! गट नंबर."

मला जन्मात विसरायचं नाही हे. आमच्या विहिरीच्या रानाचा गट नंबर, चार आकडी. नवऱ्याच्या कार्डाचा पिन तोच. मामांच्या स्वतःच्या कार्डाचा तोच. मामांना खरोखर वाटत होतं की घर एक तर पिन एक, रान जसं एक आहे तसं. बँकेनं मला वेगळा दिलाय हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

मागनं एक पोरगं म्हणालं, "आवं बाबा, मशीन हाय, बैल न्हाई. ढोसू नगा."

"थांब की रं गड्या, सुनंला इचारतोय!"

आणि मी म्हणाले, "मामा, मला आठवत नाही."

खोटं. धडधडीत खोटं. आकडे माझ्या जिभेवर होते. झोपेत विचारलं असतं तरी सांगितले असते. मामा म्हणाले, "बरं, परत एकदा घालतो," आणि तिसऱ्यांदा गट नंबर घातला, आणि कार्ड त्या दिवसापुरतं बंद पडलं.

त्या दिवशी मी दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल करून ठेवल्या. सरांनी पकडलं म्हणून बरं, नाहीतर एकाच्या बागेला दुसऱ्याचं खत गेलं असतं.

संध्याकाळी फाट्यावरनं घरी चालत जाताना मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. दारात पोचले तर मामा ओट्यावर, टोपी मांडीवर. टोपीला कुंकवाचा डाग.

"शंभर माणसात माजं हसं झालं," म्हणाले. "शिकल्याली पोरगी, मातीचं आकडं पाठ करती, आन सोताचा आकडा इसारती?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी आत्या आतनं आल्या. कमरेची चंची सोडली, पान-तंबाखूच्या मधनं घडी घातलेलं पिनचं पाकीट काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"म्या काढून ठेवल्यालं," आत्या म्हणाल्या. "आषाढातच. देवाला आकडं कशाला लागत्यात?"

मामा बघतच राहिले. "आन सकाळी कार्ड देताना बोलली न्हाईस?"

"तुमी कार्ड मागितलं. कार्ड दिलं."

मग त्या माझ्याकडं न बघता मामांनाच म्हणाल्या, "आठ वर्सं दुसऱ्याच्या बागंत द्राक्षाचं घड इरळायला गेले. दर बाजारच्या दिवशी मजुरी तुमच्या हातात. एकदा म्हटलं, चपला घेते, रानात काटं लागत्यात. तर म्हनला, फुडच्या बाजारी बघू. आटवतंय?"

"त्या साली हीर काढत हुतो की," मामा हळू म्हणाले.

"व्हय. हीर हाय. तिचं पानी ग्वाड हाय. पन चपला ऱ्हायल्या त्या ऱ्हायल्याच." आणि पाकीट माझ्याकडं सरकवलं. "हिची गाडी आधी. पायपा मागनं. हिला नऊला पोचायचं हाय."

मामांनी टोपी झटकली. डाग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच म्हणाले, चल. सांगलीला एटीएमपाशी गेलो. मी आत गेले आणि मामा दाराबाहेर, काचेकडं पाठ करून उभे राहिले. अगदी ताठ, पहाऱ्यावर असल्यासारखे. मला रडू आलं आणि आकडा चुकला. खरंच चुकला. दुसऱ्यांदा बरोबर आला. मग त्या बाईंच्या गल्लीत जाऊन मामांनी स्कूटरला उकिडवं बसून बघितलं, टायरवर अंगठा फिरवला, म्हणाले, "गुळगुळीत हायत ताई, कमी करा." आणि चांगली घासाघीस करून पैसे कमी करून घेतले. उरलेल्यातलं निम्मं मी पायपांना दिलं. तेव्हापासून दर महिन्याला निम्मं घरात देते. निम्मं मीच ठरवलं. कधी वाटतं जास्त देते, कधी वाटतं तो सगळं देतो आणि मी निम्म्यावर कसली मिरवते. नवरा म्हणतो, "आता मला बी येगळा पिन पायजे." चेष्टेत म्हणतो, पण दोनदा म्हणालाय.

मला आकडा आठवत होता, हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना माहीत असावं. त्या दिवसापासून त्यांनी आकडा हा शब्दच काढलेला नाही, माझ्या लॅबच्या रिपोर्टाबद्दल विचारतानासुद्धा "ते काय आलंय ते" म्हणतात.

दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं धुवून मांडली. विळे, खुरपी, छाटणीच्या कात्र्या, मामांची मोटारसायकल, माझी स्कूटर. गाड्यांना हार घातले. आत्यांनी देव्हाऱ्यापुढं पाट मांडला आणि म्हणाल्या, "चाव्या आना."

मामांनी त्यांची ठेवली. मी माझी मुठीत धरून उभी. छाटण्यांचा मोसम, दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पिशव्या येणार.

"ठेव की," आत्या म्हणाल्या.

"आत्या, उचलायची कधी? आणि कुणी?"

मामा माझ्याकडं बघायला लागले. आत्यांनी हळदीत बोट बुडवलं.

"सकाळी," म्हणाल्या. "जिला नऊला पोचायचं हाय तिनं."

मी चावी ठेवली. आत्या कुंकू वाहायला लागल्या तेव्हा मी खरं सांगू, चावीच्या दात्यांवर हात आडवा धरला, कार्डासारखं कुंकू भरायला नको.