पदरातलं पिल्लू
पेटवलेल्या पाचटाचा वास आला की कोपरगावकडचं आमचं उसाचं रान आठवतं. बिबट्याचा वावर वाढल्यापासून मी मोबाईलवर वन्यप्राण्यांचा पॉडकास्ट ऐकत ऊस तोडायची. एका सकाळी, "पिल्लाला हात लावू नका, आई जवळच असते," असं त्यात सांगत होते, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई पदरात ठिपक्यांचं पिल्लू घेऊन आल्या. "रानमांजराचं हाय गं, लई गोड!" त्यांच्यामागं ऊस सळसळला. "ताई, बिबट्याचं हाय ते! खाली ठेवा, पळू नका." त्यांनी पिल्लू सरीत ठेवलं. उसाकडं तोंड करूनच आम्ही मागं सरकत बांधावर पोचलो. मादी बाहेर आली आणि पिल्लू तोंडात धरून क्षणभर आमच्याकडं बघत उभी राहिली. त्या नजरेत राग होता की नुसती घाई, मला अजून कळलेलं नाही.